चुंबकचिकित्सेची चिकित्सा : मनगटातील दबलेली नस, गिरणगावातील हात आणि पुराव्याचा प्रश्न

प्रास्ताविक

मराठीत 'चिकित्सा' हा एकच शब्द दोन कामे करतो. वैद्य रोग्याची करतो ती चिकित्सा आणि अभ्यासक एखाद्या विधानाची करतो तीही चिकित्सा. पहिल्या अर्थात उपचार अभिप्रेत असतो, दुसऱ्यात पारख. 'चुंबकचिकित्सा' हा समास उच्चारताना आपण पहिलाच अर्थ गृहीत धरतो. दुसऱ्या अर्थाने तिच्याकडे पाहण्याची सवय आपल्याला, म्हणजे पदव्या घेतलेल्या व देणाऱ्या वर्गालाही, कमीच आहे. दादर स्थानकाबाहेरील पदपथावर चुंबकीय कडी आणि पट्टे मांडलेले दिसतात, त्यांभोवती थांबणाऱ्यांत प्राध्यापकही असतात. उत्तरपत्रिका तपासणीच्या हंगामात उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या की आपल्यापैकी अनेकांचा विवेक थोडा सैल होतो, हे कबूल करण्यास हरकत नाही.

प्रस्तुत लेखात चुंबकचिकित्सेच्या सर्वच दाव्यांचा परामर्श घेण्याचा हेतू नाही. मनगटातील चेता दबल्यामुळे होणारी वेदना, जिला वैद्यकात 'कार्पल टनेल सिंड्रोम' म्हणतात, तेवढ्यापुरतेच हे विवेचन मर्यादित आहे. ही निवड करण्यास दोन कारणे आहेत. या एका विकारावर चुंबकाचे नियंत्रित प्रयोग झालेले आहेत, त्यामुळे चर्चा केवळ मतांवर सोडावी लागत नाही. दुसरे असे की, हा विकार हाताने पोट भरणाऱ्यांना अधिक छळतो, आणि गिरगावपासून लालबाग-परळपर्यंतच्या वस्तीचा शंभर वर्षांचा इतिहास हा मुख्यतः हातांचाच इतिहास आहे.

'नस' या शब्दाची अडचण

मनगटाच्या तळहाताकडील बाजूस एक अरुंद बोगदा असतो. मनगटाची आठ लहान हाडे त्याचा तळ व भिंती होतात, आणि वरून एक जाड, न ताणला जाणारा अस्थिबंध छपरासारखा पसरलेला असतो. या बोगद्यातून बोटे मिटणाऱ्या नऊ कंडरा आणि 'मीडियन' नावाची एक चेता, असे दहा जण दाटीवाटीने जातात. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीची उपमा येथे सहज सुचते. कंडरांभोवतीचे आवरण सुजले की छप्पर वर सरकत नाही, आणि मग सर्वांत मऊ जो घटक, म्हणजे चेता, तो चेपला जातो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते. करंगळी मात्र सुटते, कारण तिची चेता वेगळ्या वाटेने येते. रात्री झोपेत मनगट वाकते, बोगद्यातील दाब वाढतो, आणि रोगी जागा होऊन हात झटकू लागतो. मनगटाच्या अस्थिभंगानंतर असा चेतादाब येतो, हे सर जेम्स पॅजेट यांनी १८५४ मध्ये नोंदविले होते. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकन शल्यचिकित्सक जॉर्ज फेलन यांच्या लेखनामुळे हे निदान सर्वत्र रूढ झाले. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, संधिवात, गर्भारपण यांच्याशी त्याचा संबंध आहे. जोर लावून पुन्हा पुन्हा केलेल्या हालचाली आणि हत्यारांची कंपने यांच्याशीही आहे. संगणकाच्या कळफलकाशी असलेला संबंध मात्र समजला जातो तितका पक्का नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो.

आता आपल्या भाषेकडे वळू. बोलीत या सगळ्याला एकच नाव आहे: 'नस दबली'. पण मराठीतील नस म्हणजे नेमके काय? रक्त वाहते ती नस, हातावर निळी दिसते ती नस, लचकते ती नस, आणि जिच्यातून संवेदना जाते तीही नसच. शीर, कंडरा आणि चेता या तिन्हींना लोकव्यवहारात एकच शब्द पुरतो. चुंबकाच्या विक्रेत्याची निम्मी युक्ती या एका शब्दाने सिद्ध होते. 'नसेत रक्त अडले आहे, चुंबक रक्तातील लोह खेचतो, रक्त वाहते होते, नस मोकळी होते' ही साखळी ऐकणाऱ्याला निर्दोष वाटते, कारण तिच्या प्रत्येक कडीत 'नस' आहे. वस्तुतः चेतेतून रक्त वाहत नाही, आणि येथील अडथळा यांत्रिक दाबाचा आहे. एका शब्दाच्या पोटात तीन इंद्रिये असल्यामुळे हा तर्कदोष ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही. शास्त्रीय परिभाषेचा आग्रह धरणाऱ्यांची आपण थट्टा करतो. 'चेता' हा शब्द शालेय पाठ्यपुस्तकाबाहेर पडला असता तर निदान ही एक पळवाट तरी बंद झाली असती.

कष्टाचे हात

गिरणगावाचे वर्णन करताना भोंगा, चाळ, संप आणि भजनीमंडळ यांचा उल्लेख हमखास येतो. मनगटाचा येत नाही. साचाखात्यातील कामगार तुटलेला धागा सांधत असे, वाइंडिंग आणि रीलिंगच्या खात्यांत स्त्रिया दिवसभर बोटांनी सूत हाताळीत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यानंतरच्या दोन दशकांत गिरण्या एकामागून एक शांत झाल्या. पुरुषाचा पगार थांबला तेव्हा घर चालविण्याचे काम बहुतांशी स्त्रीच्या हातावर आले. पोळ्या लाटणे, मसाला कांडणे, शिवणकाम, दादरच्या बाजारातून फुले आणून गजरे ओवणे ही सारी कामे मनगटाचीच होत.

ही परंपरा अर्थात संपाच्या आधीची आहे. कामगारांना डबे व जेवण पुरविणाऱ्या खानावळवाल्या स्त्रियांना संघटित करण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. त्याच्याही आधी, १५ मार्च १९५९ रोजी, गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला आणि त्यातून श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड ही संस्था वाढली. या दोन्ही उद्योगांचा गौरव आपण अर्थशास्त्राच्या आणि स्त्री-अभ्यासाच्या तासाला करतो, आणि तो योग्यच आहे. तथापि स्वावलंबनाच्या या कथा लाटण्याच्या टोकाशी, म्हणजे मनगटाशी, येऊन थांबत नाहीत. दिवसाला शेकडो वेळा तीच हालचाल करणाऱ्या हाताचे पुढे काय होते, हा प्रश्न आपल्या स्त्री-अभ्यासाने अजून पुरेसा विचारलेला नाही.

गिरणीतील कामगाराला १९४८ च्या राज्य विमा कायद्यान्वये रजा आणि रुग्णालय मिळत असे. घरी पोळ्या लाटणारी स्त्री कोणाचीच 'कामगार' नसल्याने त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. हात दुखला तर तिला पगारी रजा नाही, आणि विश्रांती घे असे सांगणारा वैद्य तिला काम सोडण्यास सांगत असतो. तिला असा उपाय हवा असतो, जो हात चालू ठेवून करता येईल. चुंबकाचा पट्टा नेमका हेच आश्वासन देतो. तो बांधून पोळ्या लाटता येतात. चुंबकचिकित्सेच्या लोकप्रियतेचे मूळ केवळ अज्ञानात शोधणाऱ्यांनी ही बाब दृष्टीआड केली आहे.

दाव्यांची पारख

चुंबकाने रोग बरा करण्याची कल्पना जुनी आहे. होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी चुंबकाच्या दोन्ही ध्रुवांना आपल्या औषधसंग्रहात स्थान दिले होते. त्याआधी पॅरिसमध्ये मेस्मरच्या 'प्राणिज चुंबकत्वा'ने खळबळ माजविली तेव्हा सोळाव्या लुईने १७८४ मध्ये चौकशी आयोग नेमला. बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए त्याचे सदस्य होते. आयोगाने रोग्यांचे डोळे बांधून प्रयोग केले, आणि रोग्याला उपचार होत आहे असे वाटले की परिणाम दिसतो, उपचार होत असून ठाऊक नसेल तर दिसत नाही, असा निष्कर्ष काढला. आजच्या 'अंध' चाचणीची ही एक पूर्वज म्हणता येईल.

सद्यकालीन चुंबकचिकित्सेचा सर्वांत प्रचलित दावा रक्तातील लोहाचा आहे. प्रौढ माणसाच्या रक्तात हिमोग्लोबिनच्या रूपाने सुमारे दोन-अडीच ग्रॅम लोह असते हे खरे. परंतु ते खिळ्यातील लोह नव्हे. लोहचुंबकत्व हा अनेक अणूंच्या एकत्रित रचनेचा गुण आहे; हिमोग्लोबिनमध्ये लोहाचे अणू प्रथिनात एकेकटे बसविलेले असतात. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ मध्येच दाखवून दिले की, प्राणवायूयुक्त रक्त चुंबकाकडून किंचित दूर ढकलले जाते आणि प्राणवायू सोडलेले रक्त किंचित ओढले जाते. दोन्ही परिणाम इतके क्षीण की हृदयाच्या ठोक्यापुढे त्यांची गणना नाही. हे पटत नसेल तर एमआरआयचा दाखला पुरेसा आहे. त्या यंत्राचे क्षेत्र सामान्यतः दीड ते तीन टेस्ला असते, म्हणजे १००० गॉसच्या पट्ट्याच्या १५ ते ३० पट. त्या नळकांड्यात अर्धा तास पडून राहिलेल्या माणसाचे रक्त एका बाजूला गोळा होत नाही.

दुसरा दावा ध्रुवांचा. उत्तर ध्रुव शामक आणि दक्षिण ध्रुव उत्तेजक, असे या पद्धतीच्या पुस्तकांतून सांगितले जाते. पण चुंबकाचे कोणते टोक 'उत्तर' यावरच या पद्धतीच्या संप्रदायांत एकवाक्यता नाही; भौतिकशास्त्राचा उत्तर ध्रुव तो काहींचा दक्षिण असतो. शिवाय बाजारातील अनेक लवचीक पट्ट्यांत दोन्ही ध्रुव एकाआड एक ओळीने बसविलेले असतात. शमन आणि उत्तेजन एकाच पट्ट्यातून एकाच वेळी कसे होते? अशा एकांतरित ध्रुवांचे क्षेत्र पृष्ठभागापासून काही मिलिमीटरांतच विरून जाते, त्यामुळे ते बोगद्यातील चेतेपर्यंत पोहोचते की नाही हाच मुळात प्रश्न आहे. वेष्टनावर छापलेला गॉसचा आकडा चुंबकाच्या पृष्ठभागाचा असतो, चेतेच्या ठिकाणचा नसतो.

तिसरा दावा अधिक चतुर आहे, कारण तो खऱ्या विज्ञानाच्या आडोशाने येतो. न जुळणाऱ्या अस्थिभंगासाठी स्पंदित विद्युतचुंबकीय क्षेत्राच्या उपकरणांना अमेरिकेत १९७९ मध्ये मान्यता मिळाली. अँथनी बार्कर यांनी १९८५ मध्ये शेफील्ड येथे कवटीबाहेरून चुंबकीय स्पंदाने मेंदू उद्दीपित करून दाखविला. हे सर्व सत्य आहे. मात्र तेथे क्षेत्र क्षणोक्षणी बदलते आणि फॅरडेच्या १८३१ च्या नियमानुसार ऊतींत विद्युतप्रवाह निर्माण होतो. मनगटावर बांधलेला स्थिर चुंबक असा प्रवाह निर्माण करीत नाही. दोहोंना 'चुंबक' हा एकच शब्द लागू पडतो एवढ्या आधारावर एकाची प्रतिष्ठा दुसऱ्याला देणे हा 'नस'सारखाच शब्दच्छल झाला.

कुलाब्याची ट्राम

येथे मुंबईच्याच एका संस्थेचे उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही, आणि ते अस्थानी ठरणार नाही असे वाटते. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा उभारली. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होऊ लागल्या. सप्टेंबर १८५९ मधील विख्यात सौरवादळात कुलाब्याच्या सूचीने सुमारे १६०० नॅनोटेस्लांचा उतार नोंदविला. जगातील अभ्यासक आजही ती नोंद वापरतात. गॉसच्या भाषेत हा बदल ०.०१६ इतका भरतो. मनगटाच्या पट्ट्याचे १००० गॉस त्याच्या साठ हजार पटींहून अधिक आहेत. इतका सूक्ष्म बदल टिपणाऱ्या यंत्रासमोर विसाव्या शतकाच्या आरंभी एक संकट उभे राहिले: मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या. त्यांच्या प्रवाहाने सूची बिघडली असती. तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय विभाग समुद्रापलीकडे अलिबागला हलविला. तेथील इमारत अचुंबकीय साहित्याने बांधली. १९०४ पासून तेथे नोंदी सुरू झाल्या, आणि १९०६ पर्यंत कुलाबा व अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचन घेण्यात आले, जेणेकरून जुनी व नवी मालिका जोडता यावी. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली तेव्हा सूची सुरक्षित होती.

चुंबकाविषयी काही निश्चित बोलायचे असेल तर आधी ट्राम दूर करावी लागते, ही या संस्थेची शिस्त. वेदनेच्या मापनात अशा ट्रामगाड्या बऱ्याच आहेत. दुखणे शिगेला पोहोचते तेव्हाच माणूस उपचार शोधतो, त्यामुळे नंतर ते काहीसे उतरतेच. सौम्य स्वरूपाचा चेतादाब काही रोग्यांत आपोआप कमी होतो. कोणी आपुलकीने विचारपूस केली की वेदना सुसह्य वाटते. पैसे खर्च केले असले की उपयोग झालाच पाहिजे असे मन म्हणते. आणि एक बाब सहसा कोणी बोलत नाही: मनगटाला रुंद पट्टा बांधला की मनगट कमी वाकते. झोपेत मनगट सरळ ठेवणे हा या विकारावरचा मान्य उपचारच आहे. म्हणजे काही रोग्यांत पट्ट्याने काम केले आणि श्रेय चुंबकाला मिळाले, असेही घडत असावे.

या ट्राम दूर ठेवून पाहण्याचे प्रयत्न झाले आहेत. कार्टर, हॉल आणि अॅस्पी यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दुहेरी अंध चाचणीत कार्पल टनेलची वेदना असलेले ३० रोगी होते. काहींच्या मनगटावर १००० गॉसचे चुंबक, उरलेल्यांच्या मनगटावर तसेच दिसणारे अचुंबकीय उपकरण, ४५ मिनिटे. दोन्ही गटांतील वेदना लक्षणीय प्रमाणात कमी झाली आणि दोन आठवड्यांनंतरही सुधारणा जाणवत होती. दोन्ही गटांत फरक मात्र आढळला नाही. या चाचणीवर आक्षेप असा घेता येतो की ४५ मिनिटे फार थोडी. अगाथा कोलबर्ट आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये त्याचे निरसन केले. ६० रोग्यांनी सहा आठवडे रोज रात्री चकती बांधली. बोगद्याच्या आत १५ किंवा ४५ मिलिटेस्ला क्षेत्र पोहोचेल असा हिशोब करून चुंबक निवडले होते, आणि तिसऱ्या गटाची चकती निर्जीव होती. वेष्टनावरील आकड्यावर न थांबता चेतेच्या ठिकाणच्या क्षेत्राचा विचार करणे ही या अभ्यासाची मोठी जमेची बाजू होय. तिन्ही गट सुधारले. तिन्हींत अर्थपूर्ण तफावत नव्हती.

विरुद्ध बाजूचे पुरावे दडविणे योग्य होणार नाही. पोलिओनंतरच्या वेदनेवर व्हॅलबोना आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ५० रोग्यांवर केलेल्या चाचणीत चुंबक-गटातील ७६ टक्के रोग्यांना आणि छद्म-गटातील १९ टक्के रोग्यांना आराम पडला. मधुमेहजन्य चेताविकारात चुंबकीय तळव्यांचा उपयोग होतो, असा निष्कर्ष वाइनट्रॉब आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ३७५ रोग्यांच्या चाचणीतून काढला. त्यांनीच २००८ मध्ये स्थिर आणि बदलते क्षेत्र एकत्र वापरून कार्पल टनेलवर लहान चाचणी केली आणि वेदनेच्या काही मापांत सुधारणा नोंदविली. येथे क्षेत्र बदलते होते हे विसरता कामा नये. या सर्व साहित्याचा धांडोळा घेऊन पिटलर, ब्राउन आणि अर्न्स्ट यांनी २००७ मध्ये असे म्हटले की, वेदनाशमनासाठी स्थिर चुंबकाची शिफारस करण्याइतका पुरावा नाही. सांध्यांच्या झिजेबाबत मात्र लाभाची शक्यता पूर्ण नाकारता येत नाही. हा निर्णय प्रस्तुत लेखकास संयत वाटतो. आणखी एक कठीण बाब सर्वच चाचण्यांना लागू आहे: रोग्याने घरी चकतीला किल्ली लावून पाहिली की अंधत्व संपले. ती किल्ली कोणी लावणार नाही, असे मानणे मानवी स्वभावाला धरून नाही.

आराम खरा, मग हानी कोणती?

वरील चाचण्यांचे वाचन सामान्यतः दोन प्रकारे केले जाते आणि दोन्ही अपुरी आहेत. समर्थक म्हणतात, 'रोगी बरे झाले ना?' विरोधक म्हणतात, 'सगळे मनाचे खेळ'. पहिले वाचन नियंत्रित गट वगळते. दुसरे वाचन रोग्याला खोटे ठरविते, आणि ते अन्यायाचे आहे. दोन्ही गटांतील रोग्यांना झोप लागली, हात हलका वाटला, ही त्यांची साक्ष नाकारण्याचा अधिकार समीक्षकाला नाही. चाचणी एवढेच सांगते की त्या आरामाचे कारण चुंबक नव्हते.

मग कोणी म्हणेल, आराम पडतो तर पडू द्या, बिघडते कुठे? या प्रश्नाचे उत्तर मला माझ्या मावशीच्या हाताने दिले. लालबागच्या चाळीत तिने वीस-बावीस वर्षे घरातून पोळीभाजीचे डबे दिले. उजवा हात रात्री बधिर होऊ लागला तेव्हा कोणीतरी तिला चुंबकाचा पट्टा आणून दिला. पहिल्या महिन्यात तिला खरेच बरे वाटले. 'बघ, माझी नस सुटली' असे ती मला कौतुकाने म्हणाली होती, आणि मीही, विज्ञानाचा पदवीधर असून, 'वापर गं मावशी, त्रास तर काही नाही ना' असे म्हणून मोकळा झालो. पुढची दोन वर्षे मुंग्या कमीजास्त होत राहिल्या. मग वेदना जवळजवळ थांबली. घरात सर्वांना आनंद झाला. वेदना थांबली होती, कारण चेतेची संवेदनाच ओसरत चालली होती. तिला सुईत दोरा ओवता येईना, कपाची कान पकडता येईना, आणि अंगठ्याच्या मुळाशी असणारा मांसल उंचवटा सपाट झालेला होता. रुग्णालयात चेतावहनाची चाचणी झाली, शस्त्रक्रियाही झाली. रात्रीची वेदना गेली. अंगठ्याचा जोर पुरता परत आला नाही. डबे बंद झाले.

चुंबकाने तिच्या हाताला इजा केली नाही. त्याने तिची दोन वर्षे घेतली. सौम्य अवस्थेत रात्री मनगट सरळ ठेवणारी स्प्लिंट, गरजेनुसार स्टेरॉइडचे स्थानिक इंजेक्शन, मधुमेह किंवा थायरॉइडची तपासणी, आणि चेता अधिक दबली असल्यास छपराचा अस्थिबंध कापून बोगदा मोकळा करणारी छोटी शस्त्रक्रिया, असा उपचारक्रम उपलब्ध आहे. स्नायू एकदा वाळल्यावर मात्र त्या शस्त्रक्रियेचा लाभ मर्यादित राहतो. म्हणून या विकारात 'निरुपद्रवी उपाय' हा शब्दप्रयोगच सदोष आहे. वेळ हा येथे उपचाराचाच भाग आहे, आणि तात्पुरता आराम देणारा कोणताही निष्क्रिय उपाय तो वेळ खर्च करतो.

समीक्षकांची समीक्षा

चुंबकचिकित्सेवर टीका करणाऱ्या आपल्या वर्गाच्या भूमिकेतही एक त्रुटी आहे. ती 'फसवणूक' या शब्दावर थांबते. कायदा आहेच: १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमात 'औषधा'ची व्याख्या इतकी व्यापक आहे की शरीराच्या रचनेवर वा कार्यावर परिणाम घडविण्यासाठी असलेली, अन्न वगळता, कोणतीही वस्तू तीत बसू शकते. परंतु पट्टा विकणाऱ्याला उठवून लावल्याने मावशीसारख्या स्त्रीला स्प्लिंट मिळत नाही. लालबागहून परळचे के. ई. एम. रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १९२६ पासून ते या वस्तीचे रुग्णालय आहे. तरीही केसपेपरची रांग, मग विभागाची रांग, मग चाचणीची तारीख यांत एक दिवसाचे नव्हे, तीन-चार दिवसांचे डबे बुडतात. पदपथावरचा पट्टा पाच मिनिटांत मिळतो, आणि विकणारा तिला 'बसा, मावशी' म्हणतो, मनगट हातात घेऊन कुठे दुखते ते विचारतो. बाह्यरुग्ण विभागातील निवासी डॉक्टरला शंभर रोग्यांच्या रांगेत तेवढी उसंत नसते, यात त्याचा दोष नाही. २००२ च्या चाचणीतील दोन्ही गटांना जो आराम पडला, त्यातील काही भाग असे कोणीतरी मनगट हातात घेण्याचा असू शकेल. तो भाग रुग्णालयाला देता येत नाही, म्हणून तो बाजार देतो.

महाविद्यालयांचाही यात वाटा आहे. बहुविद्याशाखीय नियतकालिकांतून पर्यायी उपचारांवरील जे लेखन येते, त्यात 'संशोधनाने सिद्ध झाले आहे' हे वाक्य वारंवार आढळते. संशोधन कोणते, रोगी किती, तुलनेचा गट होता काय, हे विचारण्याचे काम परीक्षकाचे आहे आणि तो बहुधा सहकारीच असतो. या लेखासही हाच निकष लावला जावा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत आपण रक्तदाब आणि साखर तपासतो. त्याच टेबलावर एक मिनिटाची हाताची तपासणी सहज होऊ शकते: दोन्ही हातांची पाठ एकमेकींना लावून मनगटे मिनिटभर वाकवून धरायची, पहिल्या तीन बोटांना मुंग्या येतात का ते पाहायचे, आणि अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा दोन्ही हातांत सारखा आहे का ते न्याहाळायचे. याने निदान पक्के होत नाही, पण कोणाला रुग्णालयात लवकर धाडावे हे कळते. खानावळी अजून चालू आहेत, गजरे अजून ओवले जात आहेत, आणि गणपतीच्या आधीचे तीन महिने परळ-लालबागच्या मूर्तिशाळांत हात रात्रभर थांबत नाहीत. मावशीचा तो पट्टा अजून माझ्याकडे आहे. त्याच्या आतल्या बाजूस, नेमके मनगटाच्या बोगद्यावर येईल असे, पिठाचे पांढरे किटण बसलेले आहे.